दर्यापूरचा दर्या

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. दर्या म्हणजे समुद्र एवढे ज्यास ठाऊक आहे असा एखादा परप्रांतीय गृहस्थ नकाशात हे नाव वाचील आणि येथे एखादे बंदर असावे अशी कल्पना करून बसेल, तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये पसरलेल्या या काळ्याभोर सपाट मुलखात उभे राहून चोहोकडे पाहिले, तर पऱ्हाटी, तूर, हरभरा आणि बांधावरच्या बाभळी यांपलीकडे दृष्टीस काही पडत नाही. गावाचे नाव वऱ्हाडच्या इमादशाहीतील दर्या इमादशहावरून पडले असे सांगतात. म्हणजे दर्या होता तो राजाच्या नावात होता, भूमीवर नव्हता.

तथापि समुद्र नसला तरी समुद्राचे मीठ मात्र आमच्या वाट्यास भरपूर आले आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस जो पट्टा पसरला आहे, त्यास खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणावी तर पाणी लागते, पण ते घशाखाली उतरत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि हट्टाने पिकास दिलेच तर जमीन पुढे नांगरास दाद देत नाही. आमची आजी म्हणे की, येथे पूर्वी समुद्र होता. तो उठून गेला आणि जाताना मीठ विसरून गेला. भूशास्त्रज्ञ या खारटपणाची कारणे गाळाच्या जाड थरांत, कोंडलेल्या निचऱ्यात व कोरड्या हवेत शोधतात. परंतु लहानपणी गोड्या पाण्याचा हंडा लांबून आणणाऱ्या आजीचे म्हणणे आम्हांस अधिक पटे. गेलेल्या माणसाच्या घरी त्याचे सामान पडून राहावे, तसा तो खारटपणा आम्हांस वाटे.

अशा मुलखात ज्यांचा जन्म गेला त्यांस पाण्याविषयी बोलताना फारसे तोलूनमापून बोलण्याचे भान राहत नाही, हे वाचक समजू शकतील. सभेत, पारावर, तहसील कचेरीच्या ओट्यावर आणि वर्तमानपत्रांतल्या पत्रव्यवहारात एक वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलो: ‘पूर्णेचे पाणी समुद्रात वाया जाते.’ हे वाक्य आम्ही नुसते ऐकले असे नव्हे, ते स्वतः लिहिलेही आहे. गावात चार अक्षरे लिहिणारा म्हणून अर्ज, निवेदने व ठराव यांचे मसुदे करण्याचे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे होते, आणि प्रत्येक मसुद्याचा प्रारंभ बहुधा या वाक्यानेच होत असे. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारा गाव दादा म्हणतो, त्यांनी सबंध आयुष्य त्या जमिनीत घातले. बंधारा होईल, गोडे पाणी अडेल, एक तरी रब्बीचे पीक खात्रीने घरात येईल, या आशेवर त्यांनी किती अर्जांवर सह्या केल्या असतील याची गणती नाही. त्या सह्यांच्या वरचे वाक्य आमचे असे. त्या वाक्याविषयी आम्हांस पुढे जी शंका आली, तिचीच हकीकत येथे सांगावयाची आहे. आणि ती शंका आमच्या मनात घालणारा प्राणी वऱ्हाडात कोणी पाहिलेला नाही, एवढीच तीत चमत्कारिक गोष्ट आहे.

तो प्राणी म्हणजे डॉल्फिन. आमच्या पूर्वजांस तो अगदीच अपरिचित होता असे नाही. संस्कृतात ‘शिशुमार’ अथवा ‘शिंशुमार’ असा शब्द आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात सर्व ज्योतिर्गणांचे एका शिशुमाराच्या आकृतीत वर्णन केले असून, त्याच्या शेपटीच्या टोकाशी ध्रुवास बसविले आहे. गंगेच्या काठी त्याच शब्दाचा ‘सूंस’ झाला, आणि तेथील लोक आजही नदीतल्या डॉल्फिनास त्या नावाने ओळखतात. आमच्या मराठीत मात्र त्याच शब्दाची ‘सुसर’ झाली आणि ती भलत्याच प्राण्याच्या अंगाला चिकटली, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. घाटावरच्या माणसास पाण्यातला मोठा प्राणी एकच ठाऊक. त्याने आलेले नाव त्यास देऊन टाकले. जो डोळ्यांसमोर नाही त्याचे नावसुद्धा आपण जपून ठेवीत नाही, याचा हा भाषेतला पुरावा म्हणावयास हरकत नाही.

आमची एक भाची लग्न होऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळ्याकडे गेली. तिच्या आग्रहावरून काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आम्ही कोकणात गेलो. बडनेऱ्यास गाडीत बसलेला वऱ्हाडी मनुष्य कुडाळास उतरतो तेव्हा त्यास प्रथम जाणवते ती हवेतली ओल, आणि मग हे जाणवते की येथे सपाट असे काही नाहीच. सह्याद्रीतून निघालेली कर्ली नदी थोडक्यात आपला प्रवास आटोपून एका बाजूस देवबागची वाळूची लांब जीभ आणि दुसऱ्या बाजूस भोगव्याचा डोंगर यांच्या मधून समुद्रास मिळते. पहाटेचा मतलई वारा पडण्याच्या बेतात असता, भाचीच्या शेजारच्या एका नावाड्याच्या होडीत बसून आम्ही त्या मुखाशी गेलो. होडी थांबली. पाण्याचा रंग आत हिरवट आणि बाहेर निळसर होता, आणि त्या दोहोंच्या मधली शीव चांगली ओळखू येत होती.

“थंय बघा, मामांनू, थंय!” नावाडी म्हणाला.

आम्ही पाहिले तोवर तेथे पाण्याखेरीज काही नव्हते. पुन्हा त्याने दुसरीकडे बोट दाखविले; पुन्हा आम्हांस उशीर झाला. तिसऱ्या खेपेस मात्र होडीपासून पाचपन्नास हातांवर शिशाच्या रंगाची एक पाठ पाण्यातून सावकाश वर आली, तीवरचा उंचवटा आणि उंचवट्यावरचा लहानसा पर स्पष्ट दिसला, ‘फुस्स’ असा दमेकऱ्याने टाकावा तसा श्वास ऐकू आला, आणि ती पाठ होती तशीच खाली गेली. तिच्यामागून दुसरी, आणि दुसरीस अगदी चिकटून एक फारच लहान. चित्रांतून पाहिलेल्या उंच उड्या वगैरे काही झाले नाही. एखादे कुटुंब आपल्या शेतात कामास लागले असावे आणि वाटेने जाणाऱ्याकडे त्याने मान वर करूनही पाहू नये, तसा तो प्रकार होता. त्या श्वासाने मात्र आम्ही दचकलो. आतापर्यंत ज्यास आम्ही मासा समजत होतो त्यास आपल्याप्रमाणेच दर काही मिनिटांनी हवा लागते, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि कानांनी ऐकणे निराळे.

कोकणच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ज्यास गादा म्हणतात तो हा प्राणी. पाठीवरच्या उंचवट्यावरून शास्त्रज्ञ त्यास कुबडाचा डॉल्फिन म्हणतात. कुव्हिये या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले, ते आपल्याच मलबार किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यावरून; आणि रंग पाहून त्याने नावात ‘शिसे’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. पूर्वी या गणातल्या जातींविषयी पुष्कळ घोळ होता; २०१४ साली त्यांच्या चार निरनिराळ्या जाती मानण्यात आल्या, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा शिसवी प्राणी दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यांचा रहिवासी ठरला. किनाऱ्यांचा असे म्हणण्याचे कारण, तो खोल समुद्रात जात नाही. वीस-पंचवीस मीटरांहून अधिक खोल पाणी त्यास मानवत नाही. किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी, खाड्या, नद्यांची मुखे आणि कांदळवनांच्या कडा एवढेच त्याचे जग. मादीस एका वेळी एकच पिलू होते, ते सुमारे वर्षभर पोटात वाढते, आणि त्यानंतर दोनएक वर्षे आईस सोडून जात नाही. म्हणजे ज्या पट्टीत मनुष्याची बंदरे, जाळी, कारखाने आणि सांडपाणी एकवटलेले आहे, तेथेच इतक्या धीम्या गतीने वाढणाऱ्या प्राण्याने संसार मांडला आहे. २०१७ साली जगाच्या तांबड्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली, यात नवल नाही.

हे सर्व आम्हांस नंतर कळले. त्या दिवशी आम्ही केवळ तृप्त होऊन परतलो, आणि पुन्हा येण्याचे ठरविले.

पुन्हा जाण्याचा योग आला तो श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. वऱ्हाडात वर्षाकाठी सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडला की आम्ही देवाचे आभार मानतो. तेथे तीन हजारांहून अधिक पडतो आणि कोणी त्याचा उच्चारही करीत नाही. कर्ली तुडुंब भरून वाहत होती. मे महिन्याच्या अखेरीपासून पर्यटकांच्या होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या; यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत कायद्यानेच बंद होती, आणि ती नुकतीच सुरू झाली असली तरी समुद्र अद्याप खवळलेला होता. माघात ज्या ठिकाणी आम्ही थांबलो होतो तेथे आता काठावरूनच पाहता येणे शक्य होते. आम्ही तासभर पाहिले. गढूळ पाणी, फेस, वाहून आलेली लाकडे आणि एखादा नारळ. आम्ही त्या नावाड्यास म्हणालो, “पावसाळ्यात ते दुसरीकडे निघून जातात वाटते?” आमच्या मनात आमच्या वडाळी तलावावर हिवाळ्यात उतरणारी आणि उन्हाळ्यापूर्वी निघून जाणारी बदके होती.

तो जाळे दुरुस्त करीत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “ते खंय जातले? पावसात आमकांच दर्यात जावंक गावणा नाय.”

हे उत्तर त्याने इतक्या सहजतेने दिले की, त्यातला मुद्दा आमच्या ध्यानात येण्यास बराच वेळ लागला. डॉल्फिनांचा हंगाम आश्विनापासून वैशाखापर्यंत, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तो होड्यांचा हंगाम होता. जे शास्त्रज्ञ या प्राण्यांची गणती करतात, परावरच्या खाचांची छायाचित्रे घेऊन एकेकास ओळखतात, त्यांच्याही होड्यांस पावसाळा आडवा येतोच. ज्या चार महिन्यांत नदी समुद्रास सर्वांत अधिक देते, तेच चार महिने मनुष्याच्या नजरेआड जातात. आम्ही आमच्या न दिसण्यास त्यांचे नसणे समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा आम्ही भाचीसह भोगव्याच्या डोंगरावर चढलो. तेथून कर्लीचे मुख सबंध खाली दिसते. समुद्रात शिरणाऱ्या नदीचा तांबूस-तपकिरी लोंढा दूरवर पंख्यासारखा पसरला होता, आणि त्याच्या कडेला, जेथे तो हिरव्या पाण्यास भिडत होता, तेथे फेसाची एक वाकडी रेघ होती. पक्षी त्या रेघेवर घिरट्या घालीत होते. भाची म्हणाली, “मामा, रेघेकडे पाहात राहा.” आम्ही पाहात राहिलो. त्या रेघेच्या आतल्या अंगास एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, काळसर पाठ वर आली. तिसऱ्यांदा दिसली ती पाठ होती की लाट, हे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. पण दोनदा दिसली.

ती रेघ म्हणजे काय, हे पुढे आम्ही जे वाचले त्यावरून सांगतो. नदी समुद्रास नुसते पाणी देत नाही. रानातला पालापाचोळा, शेतातला गाळ आणि जमिनीचे क्षार ती घेऊन येते. त्याच पावसाळ्यात दक्षिणेकडील पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रही आपल्या तळाचे थंड व सकस पाणी वर आणतो. या दोहोंच्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर तारलीसारखे मासे पोसतात, आणि पावसाळा सरता सरता तारली-बांगड्यांचे थवे किनाऱ्यालगत येतात. कोळंबीची अंडी समुद्रात पडतात, पिले खाडीत शिरून निमखाऱ्या पाण्यात वाढतात, आणि पावसाचे पाणी खाडीत भरू लागले की ती पुन्हा समुद्राकडे निघतात. बोयीचेही तसेच, वाढावयाचे खाडीत, अंडी घालावयास समुद्रात. म्हणजे खाडीचे मुख हा एक नाका आहे, आणि ऋतूप्रमाणे त्यावरून येणारे-जाणारे बदलतात. डॉल्फिन हा त्या नाक्यावरचा जुना राहणारा. करकोच्यांप्रमाणे तो देशांतर करीत नाही. मासे आत शिरले की तोही भरतीबरोबर आत शिरतो, मासे मुखाशी आले की मुखाशी येतो, लोंढा पसरला की लोंढ्याच्या कडेला जातो. गढूळ पाण्याची त्यास अडचण नाही; तो कानाने पाहतो, स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे हे ओळखतो. आज येथे दहा दिसले आणि उद्या एकही नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, जेवण दुसऱ्या ओटीवर वाढले आहे.

मनुष्य आणि हा प्राणी यांचे अन्न एकच असल्यामुळे त्यांच्यांत भांडणही आहे. नावाड्याने आम्हांस आपल्या जाळ्याची भोके दाखविली आणि ती कोणी पाडली हे सांगितले; त्याच्या स्वरात राग होता, पण तो भाऊबंदकीतला राग होता. उलट, ब्राझीलमध्ये लागुना म्हणून एक गाव आहे, तेथे शंभराहून अधिक वर्षे निराळाच व्यवहार चालला आहे. शरदात बोयीचे थवे खाडीत आले की तेथले डॉल्फिन त्यांस काठाकडे रेटीत आणतात, कोळी कमरेइतक्या पाण्यात पाग घेऊन उभे असतात, डॉल्फिनने विशिष्ट तऱ्हेने बुडी मारली की पाग फेकतात, आणि थवा फुटला की दोघांचेही पोट भरते. हा व्यवहार ज्या माशांवर चालतो, ते खाडीत वाढलेले असतात.

यावरून गोडे पाणी जितके अधिक तितके बरे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ओरिसातल्या चिलिका सरोवरात इरावती डॉल्फिन राहतात. त्या सरोवराचे समुद्राकडचे तोंड वाळूने बुजत चालले, पाण्यातला खारटपणा कमी झाला, तण माजले आणि मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदून समुद्राचे पाणी आत घेण्यात आले, तेव्हा सरोवर पुन्हा सावरले. सुंदरबनात याच्या उलट दुखणे आहे. तेथे गंगेचा सूंस गोड्या पाण्याशी आणि इरावती निमखाऱ्याशी, असे दोघे ऋतूप्रमाणे मागेपुढे सरकत राहतात. पण १९७५ साली फरक्याचा बंधारा सुरू झाल्यापासून कोरड्या महिन्यांत खाली जाणारे पाणी घटले, आणि खारे पाणी आत चढू लागले. म्हणजे या प्राण्यांस गोडे पाणी पाहिजे की खारे, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यांस दोहोंची भेट पाहिजे, आणि ती आपापल्या ऋतूत झाली पाहिजे.

परतीच्या गाडीत आम्ही नकाशा उघडून बसलो. आमची पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते. अमरावतीची पेढी, दर्यापूरची चंद्रभागा, अकोल्याची मोर्णा, तिकडची काटेपूर्णा यांस पोटात घेत ती पश्चिमेकडे जाते, आणि चांगदेवास तापीला मिळते. तापी सुरतेपलीकडे डुमसजवळ खंबायतच्या आखातास मिळते. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेची वर्धा मात्र वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जाते. अमरावतीच्या आसमंतात पडणारा पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांत वाटला जातो. ज्यास समुद्र नाही असा आमचा मुलूख, त्यास वस्तुतः दोन समुद्र आहेत. कर्लीच्या मुखावर आम्ही पाहिलेला लोंढा आमचा नव्हता. पण आमच्या मातीने काळा झालेला तसाच लोंढा पूर्णेतून आणि तापीतून शतकानुशतके खंबायतच्या आखातात उतरत होता, आणि त्यावर कोणी ना कोणी पोसले जात होते.

होता असे म्हणण्याचे कारण हे की, तापीवर १९७२ साली उकाईचे धरण झाले, आणि त्याच्या पुष्कळ वर, पूर्णा-तापीच्या संगमाखाली, १९८२ साली हतनूरचे धरण झाले. पूर येतो तेव्हा दारे उघडतात आणि पाणी जाते; पण गाळ पुष्कळसा जलाशयात राहतो आणि कोरड्या महिन्यांतला प्रवाह मनुष्याच्या हिशेबाने चालतो. त्या धरणांनी सुरतेस पुरापासून पुष्कळ संरक्षण दिले, शेते भिजविली, दिवे लावले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेजारच्या नर्मदेत पावसाळ्यात भरूचकडे चढणाऱ्या हिलशाची मासळी धरणांनंतर घटत गेली, हेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही विधाने एकाच हिशेबाच्या वहीत लिहिली पाहिजेत. आम्ही मात्र आजवर एकच पान लिहीत आलो होतो. दुसऱ्या पानावर ‘वाया’ असा एक शब्द लिहून ते मिटून टाकले होते. डोंगरावर चढण्यापूर्वी आम्ही ज्या अर्थाने ‘डॉल्फिन निघून गेले’ म्हणालो, त्याच अर्थाने जन्मभर ‘पाणी वाया गेले’ म्हणत होतो. आमच्या नजरेस पडेनासे झाले, एवढाच दोहोंचा अर्थ होता.

घरी आल्यावर हे सर्व आम्ही मोठ्या उत्साहाने दादांस सांगितले. ते ओसरीवर बसून ऐकत होते. पऱ्हाटीला फुलोरा यावयाचा होता आणि पंधरा दिवस पाऊस नव्हता. आमचे व्याख्यान संपल्यावर ते म्हणाले, “तुह्ये मासे जगोत रे बाप्पा. पन आमच्या पऱ्हाटीले पानी कोन देईन?”

ते मासे नव्हेत, सस्तन प्राणी आहेत, ही दुरुस्ती आमच्या ओठांवर आली होती. ती आम्ही गिळली. कारण दादांच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ज्याच्या विहिरीत खारे पाणी आहे त्यास खाडीच्या निमखाऱ्या पाण्याचे महत्त्व सांगणे, हे त्याच्या जखमेवर शब्दशः मीठ चोळणे आहे. या मुलखात पाण्यावाचून किती संसार उद्ध्वस्त झाले हे ज्याने पाहिले आहे, तो बंधाऱ्यास विरोध करू शकत नाही. आम्हीही करीत नाही. अडविलेल्या प्रत्येक थेंबाचा हक्काचा धनी आमच्या मुलखात आहे, यात संशय नाही. न अडविलेल्या थेंबासही एक धनी असतो, एवढेच आम्हांस नव्याने कळले होते. आणि जो धनी अर्ज करू शकत नाही, सही करू शकत नाही, श्वास घेण्यापुरताच वर येतो, त्याच्या वतीने कोणी बोलावे हा प्रश्न आमच्या मागे लागला होता.

त्याच वर्षी मार्गशीर्षात गावच्या मंडळींनी एका लहान बंधाऱ्यासाठी पुन्हा निवेदन करण्याचे ठरविले, आणि रिवाजाप्रमाणे मसुदा आमच्याकडे आला. आम्ही लिहावयास बसलो. हाताने सवयीप्रमाणे पहिले वाक्य लिहूनही टाकले: ‘पूर्णेचे पाणी समुद्रात वाया जात असल्यामुळे…’ मग लेखणी थांबली. आम्ही ते वाक्य खोडले, आणि गावाची गरज, विहिरींची स्थिती, पिण्याच्या पाण्याचे अंतर, पडीक राहणाऱ्या रब्बीचे क्षेत्र, असे जे खरे होते ते सर्व लिहिले. मागणीत तसूभरही कमी केले नाही. एवढेच शेवटी जोडले की, पावसाळ्यात पुराचे पाणी खाली जाऊ द्यावे, आणि पुढे लागेल तेवढे अडवावे.

दादा सह्या करण्यापूर्वी प्रत्येक कागद वाचतात. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, मान वर केली.

“ते वायाचं वाक्य कुठी गेलं?”

“काढलं, दादा,” आम्ही म्हणालो.

“मंग वाया नाई जात, त जाते कुठी थे त लेह्य.”

आम्ही कागद परत घेतला आणि समासात लिहिले: ‘पूर्णा चांगदेवास तापीस मिळते व तापी खंबायतच्या आखातास जाते.’ दादांनी ते दोनदा वाचले. दर्यापुरात जन्म काढलेल्या त्या माणसाने, आमच्या आठवणीत प्रथमच, आपली नदी कोठे जाते हे शेवटपर्यंत वाचले. काही वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी खाली सही केली, आणि कागद पुढच्या घरी पाठवून दिला.